उत्तर आधी सांगा, मग रन करा

प्रॅक्टिकल्स सुरू होऊन महिना उलटला की कॉम्प्युटर लॅबमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘सर, थिअरी कळते, पण लॉजिक सुचत नाही.’ बीसीएसची मुलं हे म्हणतात, डिप्लोमाची म्हणतात, इंजिनिअरिंगची म्हणतात, आणि चाळिशीत नोकरी बदलायच्या विचारानं पायथन शिकायला बसलेली माणसंही म्हणतात. आणखी पंधरा दिवस गेले की या वाक्याला शेपूट फुटतं : ‘आपलं काम नाही हे. याला डोकंच वेगळं लागतं.’

या शेपटाबद्दल आधी बोलू, कारण त्यानं जितकी मुलं विषयातून उठवली तितकी कुठल्याही अवघड धड्यानं उठवली नसतील.

प्रोग्रामिंग पहिल्या फटक्यात न जमणं हे काही आपल्याच कॉलेजांत घडत नाही. डेन्मार्कच्या बेनेडसन आणि कॅस्परसन या दोन प्राध्यापकांनी देशोदेशींच्या विद्यापीठांकडून पहिल्या प्रोग्रामिंग कोर्सचे निकाल मागवले आणि 2007 मध्ये ते छापले. सरासरी तिघांतला एक जण पार होत नव्हता. त्याआधी, 2001 मध्ये, चार विद्यापीठांतल्या 216 विद्यार्थ्यांना एक साधा कॅल्क्युलेटर लिहायला दिला होता. ही मुलं कोरी नव्हती, प्रोग्रामिंगचा पहिला टप्पा शिकून झालेली होती. 110 पैकी त्यांना सरासरी जेमतेम 23 गुण पडले. तेव्हा तुम्हाला पहिल्या चाचणीत वीसपैकी सहा पडले असतील, तर एवढ्यावरून स्वतःच्या बुद्धीचा निकाल लावू नका.

‘वेगळं डोकं’ लागतं, हे सिद्ध करायचा प्रयत्नही होऊन गेला आहे. लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बॉर्नाट यांनी 2006 मध्ये दावा केला, की शिकवणं सुरू होण्याआधीच एका छोट्या चाचणीवरून कोणाला प्रोग्रामिंग जमेल आणि कोणाला नाही हे सांगता येतं. दावा जगभर पसरला, शिक्षकांनी तो आनंदानं उचलला. 2014 मध्ये बॉर्नाट यांनी स्वतःच तो मागे घेतला. पुढे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या 778 वर्गांचे निकाल तपासले गेले. वर्गात ‘जमणारे’ आणि ‘न जमणारे’ असे दोन सरळ गट पडत असते, तर ते गुणांच्या आलेखात दिसले असते. तसं काही दिसलं ते फक्त 5.8 टक्के निकालांत. अर्थात अफवा पुढे जाते आणि खुलासा मागे राहतो. त्यामुळे आजही एखादे सर पहिल्याच तासाला सांगून मोकळे होतात, की तुमच्यातल्या निम्म्यांना हे जमणार नाही.

पण त्या चाचणीतला प्रश्न मात्र सोन्यासारखा आहे. तो असा :

ए = 10
बी = 20
ए = बी

आता ए किती आणि बी किती? पुढे वाचण्याआधी उत्तर मनात धरा.

नव्या वर्गात हा प्रश्न टाकला की उत्तरं चार दिशांना जातात. कोणी म्हणतं, दोघांची अदलाबदल झाली. कोणी म्हणतं, बी मधले 20 ए मध्ये गेले, म्हणून बी रिकामा झाला. एखादा गणितात हुशार मुलगा म्हणतो, हे चूकच आहे, 10 आणि 20 समान कसे असतील? खरं उत्तर : दोन्ही 20. बरोबरचं चिन्ह इथे समानता सांगत नाही, हुकूम सांगतं. उजवीकडची किंमत वाच, तिची नक्कल डावीकडे ठेव. डावीकडे आधी असलेले 10 कायमचे गेले, उजवीकडचे 20 जागचे हलले नाहीत. एवढं नीट बसलं, की दोन संख्यांची अदलाबदल करायला तिसरं नाव का लागतं हे कोणी सांगावं लागत नाही. ते बसलेलं नसेल, तर अदलाबदलीचा प्रोग्राम पाठ करावा लागतो, आणि पाठ केलेला प्रोग्राम परीक्षेत एका ओळीनं दगा देतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याला ‘लॉजिक सुचत नाही’ म्हणतात, तिथे अडचण बहुतेक वेळा सुचण्याची नसतेच. समोरच्या ओळीनं यंत्र नेमकं काय करेल, हे सांगता येत नसतं. वाचता येत नाही आणि आपण थेट निबंध लिहायला बसतो.

यावर आपल्याकडे जुना, फुकटचा उपाय आहे आणि त्याचं नाव प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे : ड्राय रन. वही घ्यायची, प्रत्येक नावासाठी एक रकाना आखायचा, आणि कॉम्प्युटर बंद ठेवून स्वतः कॉम्प्युटर व्हायचं. एकेक ओळ वाचायची, किंमत बदलली की जुनी खोडून नवी लिहायची. पुस्तकात याला एक पान असतं, शिक्षक एकदा फळ्यावर करून दाखवतात, आणि त्यानंतर कोणी त्याचं नाव काढत नाही, कारण जर्नलमध्ये ते मागत नाहीत.

एक करून पाहू. दिलेल्या संख्यांतली सर्वांत मोठी शोधायची आहे. प्रोग्राम म्हणतो : ‘मोठी’ला 0 द्या. मग एकेक संख्या घ्या. ती ‘मोठी’पेक्षा मोठी असेल, तर ‘मोठी’ला ती संख्या द्या. शेवटी ‘मोठी’ छापा.

संख्या आहेत 4, 9, 2. वहीत ‘मोठी’च्या रकान्यात 0. पहिली संख्या 4, ती 0 पेक्षा मोठी, 0 खोडा, 4 लिहा. पुढची 9, ती 4 पेक्षा मोठी, 4 खोडा, 9 लिहा. पुढची 2, ती 9 पेक्षा मोठी नाही, काही करू नका. उत्तर 9. छान. बहुतेक मुलं इथे थांबतात आणि ‘आउटपुट आलं’ म्हणून फाइल मिटतात.

तुम्ही थांबू नका. द्रासच्या हिवाळ्यातली तापमानं घ्या : उणे 12, उणे 7, उणे 20. रकान्यात 0. उणे 12 हे 0 पेक्षा मोठं आहे का? नाही. उणे 7? नाही. उणे 20? नाही. उत्तर 0, जे यादीत कुठेच नाही! प्रोग्राम रन झाला, एरर आला नाही, आणि उत्तर साफ चुकलं. दुरुस्ती एका ओळीची आहे : 0 ऐवजी यादीतल्या पहिल्या संख्येपासून सुरुवात करायची. ही दुरुस्ती कोणी सांगितली तर परीक्षेपर्यंत लक्षात राहते, रकान्यात तीनदा ‘नाही’ लिहून सापडली तर निवृत्तीपर्यंत.

ऑस्ट्रेलियातले रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हेच तपासलं. वेगवेगळ्या देशांतल्या नवशिक्यांना त्यांनी प्रोग्राम लिहायला लावलंच नाही, फक्त लहान तुकडे वाचून काय होईल ते विचारलं. पुष्कळांना तेही जड गेलं. आणि ज्यांनी कागदावर किंमती मांडल्या, खाडाखोड केली, त्यांची उत्तरं नुसत्या डोळ्यांनी वाचणाऱ्यांपेक्षा अधिक बरोबर निघाली. म्हणून सांगतो, कच्च्या वहीला कमी लेखू नका.

आता कीबोर्डवर या. इथे एकच नियम पाळा : रनचं बटण दाबण्याआधी काय छापलं जाईल ते कागदावर लिहा. बरोबर आलं तर पुढे जा. वेगळं आलं तर खरा अभ्यास तिथे सुरू होतो.

फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचा प्रोग्राम जवळजवळ प्रत्येक सी शिकणाऱ्याच्या फाइलमध्ये असतो. मुलगा सूत्र लिहितो : आधी 5 भागिले 9, त्याला गुणिले फॅरनहाइट उणे 32. तापमान 98 द्या, 212 द्या, काहीही द्या, उत्तर शून्य. ज्यानं आधी 212 ला 100 यायला हवेत असं लिहून ठेवलं, तो थबकतो आणि शोधतो. त्याला कळतं, की सी मध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की भागाकारही पूर्णांकच मिळतो, 5 भागिले 9 म्हणजे 0, आणि शून्याला कशानंही गुणा. 5 च्या जागी 5.0 लिहिलं की काम झालं. ज्यानं आधी काहीच लिहिलं नव्हतं, तो ‘सर, माझा पीसी खराब आहे’ म्हणतो.

पायथनमध्ये याचा भाऊ भेटतो. वापरणाऱ्याला दोन संख्या विचारल्या, त्यानं 5 आणि 7 दिले, बेरीज केली, आणि आले 57. पायथननं ते आकडे अक्षरं म्हणून घेतले आणि एकापुढे एक चिकटवले. संख्या हवी असेल तर तसं सांगावं लागतं.

दुसरी सवय : पाच ओळी लिहा, चालवून बघा, मग पुढच्या पाच. साठ ओळी एका दमात लिहून शेवटी एकदाच रन करणाऱ्याला चूक कुठे आहे हे देवसुद्धा सांगू शकत नाही. पंक्चरवाला कसा, फुगवलेली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी दाबत जातो आणि बुडबुडे जिथे येतात तिथेच खूण करतो. तुमचे बुडबुडे म्हणजे मध्येच छापून पाहिलेल्या किंमती. लूपमध्ये एक ओळ टाका आणि प्रत्येक फेरीत ‘बेरीज’ किती झाली ते छापा. काम झालं की ओळ काढून टाका. अनुभवी माणसंही हेच करतात, फक्त नवशिक्यांसमोर करत नाहीत.

एररबद्दल थोडं. लाल अक्षरं दिसली की मुलं खिडकी बंद करतात किंवा मागच्या बाकावरच्या हुशार मुलाला हाक मारतात. दोन्ही नको. त्यात ओळीचा क्रमांक असतो, तो आधी पाहा. सी मध्ये एररची भली मोठी यादी आली, तर फक्त पहिली चूक दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा. एका विसरलेल्या सेमीकोलननं खाली डझनभर खोट्या तक्रारी उभ्या राहतात, आणि बोट अनेकदा पुढच्या ओळीकडे दाखवलेलं असतं. पायथनमध्ये उलट, सर्वांत खालची ओळ आधी वाचा. तिथे ‘नेमएरर’ असेल तर बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं, किंवा नाव वापरण्याआधी त्याला किंमत दिलेली नसते. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक नव्या एररचं नाव आणि तुमच्या बाबतीत निघालेलं कारण लिहीत जा. सत्र संपेपर्यंत पान भरतं आणि मग तेच तेच पाहुणे पुन्हा येतात.

चुका होतात याची लाज वाटत असेल तर मॉरिस विल्क्स आठवा. 1949 मध्ये केंब्रिजला एडसॅक हा संगणक उभा करणारा हा माणूस. त्यांनी आठवणींत लिहिलं आहे, की त्या काळात एकदा जिन्यावर असताना त्यांच्या एकदम ध्यानात आलं : आता आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार.

आता जरा कडू बोलतो. आपल्या अनेक कॉलेजांत प्रोग्रामिंगची प्रॅक्टिकल्स म्हणजे सीनिअरची फाइल मिळवणं, ती जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवणं आणि सही घेणं. वीस प्रोग्राम, वीस सह्या, आणि हाताला एकाचीही सवय नाही. ज्यांनी हे केलं ती मुलं आळशी होती असं मी म्हणणार नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून लिहिणारा मुलगा आळशी नसतो, त्याचे कष्ट चुकीच्या जागी खर्च होतात. उतरवायचंच असेल तर कीबोर्डवर उतरवा, स्वतःच्या बोटांनी, कॉपी-पेस्ट न करता. चालला की मोडा : ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘पेक्षा लहान किंवा समान’ करा, 1 चा 0 करा, एक ओळ वर सरकवा, आणि प्रत्येक वेळी आधी भाकीत लिहा. एक प्रोग्राम असा पाच वेळा मोडला, तर फाइलमधल्या पाच नव्या प्रोग्रामपेक्षा जास्त हाती लागतं.

सीनिअरच्या फाइलची जागा आता चॅटजीपीटीनं घेतली आहे. प्रश्न टाकला, कोड आला, सही झाली. याचा परिणाम तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार मुलांवर तपासला गेला. विषय गणिताचा होता, पण गोष्ट आपलीच आहे. साधा चॅटबॉट हाताशी असताना मुलांनी सराव 48 टक्के सरस केला, आणि तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती ज्यांना कधीच दिला नव्हता त्यांच्यापेक्षा 17 टक्के मागे पडली. म्हणून पहिल्या वर्षी तरी त्याच्याकडून कोड मागू नका. आलेल्या एररचा अर्थ विचारा, तुमच्या कोडची कोणती ओळ संशयास्पद आहे ते विचारा, ड्राय रनसाठी छोटे तुकडे बनवून घ्या. तेही स्वतः वीसेक मिनिटं झटापट केल्यावर.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते, त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. पारंपरिक सी भाषेत राखीव शब्द आहेत 32. पायथनमध्ये 35. जत्रेतल्या दुकानांच्या पाट्यांवर याहून जास्त इंग्रजी शब्द असतील. पुस्तकाचं इंग्रजी जड जातं हे खरं, पण विचार इंग्रजीत करायची सक्ती कोणी केलेली नाही. पायऱ्या आधी मराठीत लिहा : संख्या विचार, सम आहे का बघ, असेल तर बेरजेत मिळव. मग एकेका पायरीचा कोड करा. पायथन 3 मध्ये तर ‘बेरीज’, ‘गुण’, ‘सरासरी’ अशी देवनागरी नावं जशीच्या तशी चालतात. नोकरीत इंग्रजी नावं द्यावी लागतील, ती तेव्हा देता येतील. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, पायथन, लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत आणि फुकट आहेत. धडा थांबवून थांबवून सोबत टाइप करायचा, अशीच त्यांची रचना आहे. ज्यांना पुस्तक हवं त्यांनी त्याच संस्थेतले प्रा. अभिराम रानडे यांचं सी प्लस प्लसवरचं पुस्तक पाहावं. त्यात सुरुवातच पडद्यावर कासव चालवून आकृत्या काढण्यापासून होते, त्यामुळे लूप चुकला की चूक डोळ्यांना दिसते.

वर्गात आठवीपासून जावा शिकून आलेला एक जण असतोच. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर येतं आणि बाकीचे स्वतःला ढ समजू लागतात. तो तुमच्यापेक्षा हुशार असेलही, पण दिसतं आहे ते त्याच्या चार वर्षांचं फळ आहे. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजनं हे ओळखून आधी शिकून आलेल्यांचा आणि कोऱ्या मुलांचा वर्ग वेगळा केला, भाषा बदलून पायथन आणली. इतरही बदल केले, आणि संगणकशास्त्र घेणाऱ्या मुलींचं प्रमाण 2006 च्या सुमारास दहा टक्क्यांच्या आसपास होतं, ते काही वर्षांत चाळीस टक्क्यांच्या घरात गेलं. आपल्याकडे वर्ग वेगळे होतील तेव्हा होतील. तोवर ‘सर, हे पुन्हा सांगा’ म्हणायला लाजू नका. तुमच्यामागे पंधरा जण तोच प्रश्न गिळून बसलेले असतात.

आपल्याच पातळीचा एक जोडीदार मात्र शोधा. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं प्रत्येक ओळीला ‘हे का?’ विचारायचं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. जागा बदलणं महत्त्वाचं, नाहीतर एकाचा हात बसतो आणि दुसऱ्याची फक्त खुर्ची. सांता क्रूझच्या विद्यापीठात अशा जोड्यांनी काम करणारी मुलं एकेकट्यानं करणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येनं शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकली.

भाषा कोणती, हा प्रश्न लोक फार चघळतात. कॉलेजात जी असेल ती. वर्षभर तीच. यूट्यूबवर दर महिन्याला नवी भाषा ‘मस्ट’ होत असते, तिकडे लक्ष देऊ नका. लॅपटॉप नसेल तर पायड्रॉइड हे अ‍ॅप साध्या अँड्रॉइड फोनवर, इंटरनेट नसतानाही पायथन चालवतं. पडदा लहान पडतो, पण सुरुवातीला प्रोग्रामही पंधरा ओळींचेच असतात. वेळ रोज अर्धा तास काढा. रविवारी सहा तास बसणाऱ्याचे पुढच्या रविवारी पहिले दोन तास मागचं आठवण्यात जातात.

पालकांना एक विनंती. मुलीच्या पहिल्या सत्राचे गुण पाहून लगेच ‘जॉब गॅरंटी’वाल्या क्लासची मोठी फी भरू नका. गॅरंटी कशाची आणि कोणत्या अटींवर, हे कागदावर लिहून मागा, निम्मे क्लास तिथेच गप्प होतात. आणि ती दोन तास एकाच पडद्याकडे टक लावून बसली असेल, कागदावर रेघोट्या मारत असेल, तर ती वेळ घालवते आहे असं समजू नका.

शिक्षकांनाही हात जोडून सांगणं आहे. व्हायवाला ‘लूप म्हणजे काय’ विचारू नका, व्याख्या सगळ्यांना पाठ असते. मुलाचाच प्रोग्राम उघडा, एक ओळ बदला आणि विचारा : आता काय छापेल? दोन मिनिटांत कोणी केलं आणि कोणी उतरवलं ते कळतं. पुढच्या सत्रापासून उतरवणारे आपोआप कमी होतात, कारण प्रश्न कसा येतो ही बातमी होस्टेलमध्ये त्याच रात्री पोहोचते.

आणि विद्यार्थ्यांनो, केटी लागली असेल, विषय सोडायचा विचार पक्का होत आला असेल, तर सोडण्याआधी एक महिना द्या. रोज अर्धा तास, एक लहान प्रोग्राम, आधी वहीत ड्राय रन, मग भाकीत, मग रन. महिन्यानंतरही नाही आवडलं तर खुशाल दुसरं काही शिका, त्यात कमीपणा नाही. पण ‘मला डोकं नाही’ हे कारण अर्जावर लिहू नका.